वरचं तोडलेलं रान

मोठे मेहुणे हक्कसोडीचा कागद घेऊन सुरतेला आले, तेव्हा आम्ही गोडादऱ्याच्या आमच्या खोलीत नुकतेच जेवायला बसत होतो. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. गावची नदीकाठची जमीन दोन्ही भावांच्या नावावर करायची होती आणि त्यासाठी बहिणीची सही हवी होती. आमच्यात बहिणी अशी सही करतात. कोणी भांडत नाही. साडीचोळी होते, माहेरचं दार उघडं राहतं. माझी बायको सही करेल याबद्दल मला शंका नव्हती. ती घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करायची, आणि दिवसभरात फार तर वीस-पंचवीस वाक्यं बोलायची.

तिने भावाला वाढलं, हात पुसले, कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "दादा, वरचं रान कोणाच्या वाट्याला गेलं?"

"वरचं? ते तोडलेलं? ते कोणालाच नको आहे. तिथे आहे काय?"

"मग ते माझ्या नावावर करा. बाकी सगळ्यावर सही करते."

मेहुणे हसायला लागले. माझ्याकडे बघून म्हणाले, "दाजी, हिला खुंटांचं लोणचं घालायचंय वाटतं."

मीही हसलो. मला वाटलं, बाईमाणूस आहे, बापाची आठवण म्हणून मागत असेल. ती मात्र हसली नाही. भाऊ भाकरी चुरत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. शेवटी तो म्हणाला, "घे बाई, तुझंच."

मी जमीन नसलेल्या घरातला. माझे वडील खानदेशातून उधन्याच्या मिलमध्ये आले आणि मी तिथल्याच गल्लीत लहानाचा मोठा झालो. गेली तीस वर्षं मी लूम दुरुस्त करतो. कारखान्यात मला सगळे मास्तर म्हणतात. लूम बंद पडला की त्याला कारण असतं, आणि ते हाताला सापडतं. शेतातलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आजही फारसं कळतं असं नाही.

रान पहिल्यांदा पाहिलं ते त्या हिवाळ्यात. उधन्याहून सकाळची गाडी धरली, नवापूरला उतरलो, पुढे जीप, आणि मग तासभर पायी. डोंगराच्या पोटाला अडीच एकराचा चढ. एके काळी तिथे साग, धावडा, खैर असं दाट रान होतं म्हणे. भावांच्या शेतात विहीर खोदायची ठरली तेव्हा सासऱ्यांनी ते एका ठेकेदाराला उभंच्या उभं तोडायला दिलं. मी गेलो तेव्हा तिथे गुडघ्याएवढे खुंट होते, काही काळे पडलेले, काही फुटवे आलेले. ओंडके ओढून नेले होते त्या वाटांच्या घळी झाल्या होत्या. उरलेल्या जागेत घाणेरी आणि तरोट्याचं तण. मधूनमधून मातीही नव्हती, नुसता मुरूम.

बायको एका खुंटाकडून दुसऱ्या खुंटाकडे जात होती. मी एका दगडावर बसून घाम पुसत होतो. ती जवळ येऊन म्हणाली, "तोड चालली तेव्हा मी इथंच होते. बाळंतपणाला आले होते. पोरीला मांडीवर घेऊन खाली ओट्यावर बसायचे आणि दिवसभर करवतीचा आवाज यायचा. बाबांना म्हणायचं होतं, निदान उभ्या चढावरचं तरी राहू द्या. सहा दिवस होते माझ्यापाशी. म्हटलं नाही."

एवढं सलग ती माझ्याशी क्वचितच बोलली असेल. मी विचारलं, "मग आता काय करायचं?"

"आधी गवत," ती म्हणाली. "झाडं मागून."

पहिलं वर्ष असंच गेलं. माझी आठवड्याची रजा आली की आम्ही दोघं पहाटे निघायचो आणि रात्रीच्या गाडीने परत. मुलगी लग्न होऊन भेस्तानला गेली होती, घरी अडणारं कोणी नव्हतं. आम्ही घाणेरी उपटली. तिच्या फांद्या आणि बाभळीचे काटे रचून कुंपण घातलं. चढाला आडव्या अशा दगडांच्या रांगा लावल्या. दगड कुठे ठेवायचा ते ती सांगायची, मी उचलून ठेवायचो. खुंट पायात यायचे, दोनदा ठेचाळून मी पडलो. मी म्हटलं, "हे आधी खणून काढू. मग सगळं मोकळं होईल."

"खुंट काढायचे नाहीत," ती म्हणाली. "वरून मेले असतील, पण खाली मुळांनी माती धरून ठेवलीय. कुजतील तेव्हा कुजतील."

मी मान डोलावली. मी ते ऐकलं होतं, हे मला इथे लिहून ठेवलं पाहिजे.

वरच्या पाड्यावर एक बाई राहायची. आमच्याच वयाची, विधवा, दोन गाई आणि पाच-सहा शेळ्या. ती वर्षानुवर्षं त्या रानात शेळ्या सोडायची. कुंपण पाहून ती चिडली आणि सरळ बायकोसमोर येऊन उभी राहिली. "आता आम्ही कुठे जायचं?" मला वाटलं, भांडण होणार. बायको म्हणाली, "बाई, दोन पावसाळे शेळ्या आत सोडू नका. गवत वाढलं की तुम्हीच कापून न्या. पाहिजे तेवढं न्या, पण विळ्याने न्या." मग त्या बाईने कुंपणातली एक फांदी उचलून नीट खोचली आणि गेली. तेव्हापासून रानावर खरं लक्ष तिचंच असायचं.

दुसऱ्या वर्षी बायकोने आंब्याच्या कोयी गोळा केल्या. उन्हाळ्यात सुरतेत गल्लोगल्ली रस निघतो. ती रसवाल्याकडे घमेलं ठेवून यायची, संध्याकाळी कोयी घेऊन यायची, नळावर धुऊन खोलीच्या दारात सावलीला पसरायची. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय वं, आंबे खाल्ले कोणी आणि कोयी धुतंय कोण?" ती नुसती हसायची. रोपं विकत आणू या, असं मी म्हटलं होतं. तिचं म्हणणं, कोय जिथे रुजते तिथेच तिचं मूळ सरळ खाली जातं, पिशवीतल्या रोपाचं मूळ गोल गोल फिरत बसतं. कलम मागून जागेवरच करता येतं. तिला हे कोणी शिकवलं होतं कोण जाणे. पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही साठेक खड्ड्यांत कोयी पुरल्या, मधल्या जागेत सीताफळाच्या बिया टाकल्या, आणि उघड्या मुरमावर मारवेल गवताचे ठोंब लावले. त्या वर्षी पावसाने चांगलं केलं. दिवाळीत गेलो तर कोयींना तांबूस पालवी फुटलेली होती, आणि दगडांच्या रांगांच्या वरच्या अंगाला बोटभर माती साचली होती. तिने ती माती मला हातात धरून दाखवली. मी लग्नात अंगठी बघावी तशी ती बघितली. काय बघायचं ते मला कळत नव्हतं, पण तिला आनंद झाला होता.

त्याच हिवाळ्यात ती चढावर थांबायला लागली. दहा पावलं चालायची आणि खुंटावर बसायची. पाय सुजायचे. आम्ही म्हटलं, प्रवासाने होत असेल. मग जेवण उलटायला लागलं. एका सकाळी तिच्या पायात चप्पल जाईना. मुलगी तिला रिक्षात घालून एका ट्रस्टच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि मला कारखान्यात फोन आला. मी पोचेपर्यंत डॉक्टर मुलीला सगळं समजावून सांगून मोकळे झाले होते. बीपी किती वर्षं वाढलेलं होतं ते कोणी मोजलंच नव्हतं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास.

"किती दिवस?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, दिवस नाही. कायम."

मी लूमचा माणूस. माझा पहिला विचार असा आला, की कोणता भाग बदलायचा ते सांगा. भाग बदलायचीही चौकशी केली. मुलीची तपासणी झाली, ती जुळली नाही. माझीही जुळली नाही. यादीत नाव लावलं. ते अजून आहे.

त्यानंतरचं आमचं जगणं त्या तीन दिवसांभोवती फिरायला लागलं. डायलिसिसच्या सुयांसाठी तिच्या डाव्या हातावर शीर जोडायचं ऑपरेशन झालं, तिथे हात ठेवला की आत गाडी धावल्यासारखं थरथरायचं. पाणी दिवसाला एक लिटर, चहा-आमटी धरून. रानात जाणं तिचं बंद झालं. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी पोरीकडे बसते."

"मी एकटा जाऊन काय करू? मला काय कळतं?"

"तुम्हले काही कयत नही, ते माले म्हाईत शे," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "फोनवर दाखाडा. मी सांगसू."

तसं सुरू झालं. रजेच्या दिवशी मी एकटा जायचो, मोबाईलवर व्हिडिओ काढायचो आणि रात्री येऊन तिच्या अंथरुणाशी बसून दाखवायचो. रानात फोनला रेंज नसायची, त्यामुळे तिथून विचारता काही यायचं नाही. तिचं उत्तर पुढच्या रजेला कामी यायचं. "हे कुसळी गवत आहे, हे बी धरायच्या आत काढा." मी पुढच्या वेळी जायचो तर कुसळीने बी धरून सोडूनही दिलेलं असायचं. "त्या रोपाच्या बुडाशी वाळवी दिसतेय." पुढच्या वेळी रोप नसायचं. ती रागवायची नाही, आणि त्यामुळेच मला जास्त लागायचं.

आणि मग मी ते केलं.

उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. खालच्या गावात तलावाच्या कामावर जेसीबी आलेला होता. चालक खानदेशचा, बोलता बोलता ओळख निघाली. तो म्हणाला, "मास्तर, दोन-तीन तासांत सगळे खुंट उपटून देतो." माझ्या डोळ्यासमोर एकच गोष्ट होती: ही बरी होईल, एकदा तरी वर येईल, आणि तिला ठेच न लागता सगळीकडे फिरता येईल. तिने नको म्हटलेलं मला आठवत होतं. पण ते ती धडधाकट असतानाचं, असं मी मनाला समजावलं. खरं सांगायचं तर मला काहीतरी करून दाखवायचं होतं. घरी काही हातात नव्हतं. इथे एक यंत्र होतं, ते दातांनी खुंट धरायचं आणि वर ओढायचं, आणि खुंट बाहेर यायचा. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत पूर्ण होत होतं.

पाड्यावरची बाई आवाज ऐकून खाली धावत आली. "ताईंना विचारलं का?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "तिच्यासाठीच करतोय." ती यंत्राकडे बघत राहिली आणि मग शेळ्या हाकत निघून गेली.

रात्री मी बायकोला व्हिडिओ दाखवला. "बघ, किती मोकळं झालं." तिने तो पाहिला. परत लावायला सांगितला. परत पाहिला. उघडी लाल माती, खड्डे, एका बाजूला रचलेला खुंटांचा ढीग.

"कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"तुला चालायला सोपं जावं म्हणून."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि कूस बदलली. थोड्या वेळाने तिकडे तोंड करूनच विचारलं, "पाऊस कधीचा सांगतायत?"

पाऊस सुरुवातीला बेताचा झाला. मी मनातून सुटलो असं समजलो. मग श्रावणात तो तीन दिवस तीन रात्री कोसळला. आमच्याकडे खाडीचं पाणी रस्त्यावर आलं. तिसऱ्या दिवशी तिची डायलिसिसची पाळी होती आणि रिक्षावाला यायला तयार नव्हता. मी तिला खुर्चीत बसवलं, शेजारच्या दोघांनी एका बाजूने धरली, मी एका बाजूने, आणि पोटरीएवढ्या पाण्यातून आम्ही तिला मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. दवाखान्यात मशीन लागल्यावर ती खिडकीकडे बघत पडून होती. काचेवरून पाण्याचे लोट वाहत होते. ती म्हणाली, "तिकडेही असाच असंल."

मी पाड्यावरच्या बाईच्या पुतण्याचा नंबर लावत राहिलो. लागला नाही. लागला असता तरी मी काय विचारणार होतो?

आठ दिवसांनी जाता आलं. खुंट जिथून निघाले होते तो प्रत्येक खड्डा पाण्याने भरला होता आणि फुटला होता, आणि एकातून दुसऱ्यात असं करत चढाच्या मधोमध एक घळ पडली होती, मी उभा राहिलो तर छातीपर्यंत. दोन वर्षांत रचलेल्या दगडांच्या रांगा खाली ओढ्यात जाऊन पडल्या होत्या. रांगांमागे साचलेली ती बोटभर माती कुठेच नव्हती. वाहून गेलेली आंब्याची रोपं मी मोजली नाहीत. जिथे होती तिथे जमीनच नव्हती.

मात्र घळीच्या पूर्वेकडची बाजू, तिथल्या रोपांसकट, जागेवर होती. तिथे कोणीतरी फांद्या आडव्या टाकून त्यावर दगड रचले होते आणि पाणी वळवलं होतं. पाड्यावरची बाई, भर पावसात, एकटी. ती आताही तिथेच होती, कमरेला पदर खोचून दगड लावत होती. मी घळीच्या काठावर बसलो आणि मला रडू आलं. तिच्या डोक्यावर इरलं होतं, चेहरा दिसत नव्हता. तिने थोडा वेळ मला तसंच बसू दिलं. मग म्हणाली, "भाऊ, उठा. दगड द्या इकडे."

घरी येऊन मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. गाडीत तशी तयारीही केली. पण बायकोने तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हिडिओ काढला ना?" मी फोन दिला. तिने घळ पाहिली. मग व्हिडिओ थांबवून, बाजूच्या त्या रचलेल्या फांद्या मोठ्या करून पाहिल्या.

"हे तुम्ही केलं?"

"नाही. बाईने केलं."

"वाटलंच," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "किती वाचली?"

"बावीस."

"पुष्कळ झाली."

मी म्हटलं, "मला शिव्या तरी दे." त्यावर ती म्हणाली, "बाबांनी तोडलं तेव्हा मी बोलले नाही. तुम्ही खणलं तेव्हा तर मी तिथे नव्हतेच. कोणाला देऊ?" हे तिने चिडून म्हटलं नव्हतं. दमलेल्या माणसासारखं म्हटलं. त्या दिवशी तिचं डायलिसिस नुकतंच झालं होतं, आणि त्यानंतर तिला हात उचलायचंही जिवावर येतं.

पुढची वर्षं मी ते भरून काढत होतो, म्हणजे ती सांगत होती आणि मी आणि बाई करत होतो. घळीत दर दहा पावलांवर दगडांचा आडवा बांध. उपटलेले खुंटच आम्ही त्यात पुन्हा आडवे घातले. बाईने कुठून तरी पवन्या गवताचं बी आणलं, ते दोन्ही काठांवर फेकलं. एका पावसाळ्यात मोठे मेहुणे स्वतःहून आले. त्यांना आपल्या बहिणीला बघायला सुरतेला यायचा धीर होत नसे. दवाखान्यातल्या नळ्या बघून त्यांना चक्कर येते. त्याऐवजी ते आपल्या केशर आंब्याच्या काड्या कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून रानात घेऊन आले आणि दिवसभर उकिडवे बसून त्यांनी वाचलेल्या रोपांवर कलमं बांधली. जाताना म्हणाले, "दाजी, तिला सांगा, मी केली म्हणावं." मी सांगितलं. ती खूप वेळ बरं वाटल्यासारखी होती.

आणि त्याच मेहुण्यांनी दुसऱ्या उन्हाळ्यात, वैरण संपली म्हणून, आपली आठ गुरं आमच्या रानात घातली. मी गेलो तेव्हा गवत बुडापर्यंत खाल्लेलं, सात कलमं मोडलेली. पाड्यावरची बाई आडवी आली होती, पण तिला त्यांनी विचारलं, "तू कोण? बहिणीचं रान म्हणजे आमच्या घरचंच." मी फोन केला तर म्हणाले, "दाजी, जनावरं मरू द्यायची होती का?" जनावरं खरंच उपाशी होती. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या. मुळं असतील तर गवत परत येईल." ते आलं. कलमं आली नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात उरलेल्या पंधरांपैकी एका झाडाला पहिल्यांदा आंबे लागले. नऊ. त्यातले चार माकडांनी नेले. पाच मी घरी आणले आणि तांदळाच्या डब्यात ठेवले. खोलीभर वास सुटला, आणि तेव्हा मला एक गोष्ट सुचली जी आधीच सुचायला हवी होती. डायलिसिसच्या माणसाला आंबा चालत नाही. आंबा, नारळपाणी, चिकू, केळं, या सगळ्यांतलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि थेट हृदयावर येतं. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. इतकी वर्षं आम्ही दोघं झाडांबद्दल इतकं बोललो, पण ही गोष्ट एकदाही काढली नव्हती. तिला ती माहीत असणारच.

मी दवाखान्यात तिच्या मशीनवर असणाऱ्या गुजराती नर्सबेनला एका बाजूला घेऊन विचारलं. तिने कागद बघितला, डॉक्टरांशी बोलून आली आणि हळूच म्हणाली, "काका, पहेला कलाकमां बे चीरी चाले." पहिल्या तासात दोन फोडी चालतील, म्हणजे पुढच्या तीन तासांत मशीन ते काढून टाकेल.

पुढच्या पाळीला मी डब्यात दोन फोडी नेल्या. सुया लागल्या, मशीन सुरू झालं, आणि मी तिच्या तोंडाशी एक फोड धरली. तिने चावली. डोळे मिटले. मग एकदम तोंड वाकडं केलं.

"आंबट ढ्याण आहे!"

"असं कसं? दादांनी केशर बांधलं होतं."

तिने दुसरी फोडही खाल्ली, विचार करत करत. "कलमाच्या खालून फुटवा आला होता का?"

"एक जोरदार फांदी आली होती खालून. छान सरळ होती. वरची जरा मरगळलेली होती, ती मी कापून टाकली."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. "तुम्ही कलम कापलं आणि कोय ठेवली! हा रसवाल्याच्या घमेल्यातला कोणता तरी गावठी आहे." ती इतकी हसली की हात हलला आणि मशीन ओरडायला लागलं. बेन धावत आली. मीही हसत होतो. किती वर्षांनी ती अशी हसत होती, आणि तेही माझ्या चुकीला.

त्यानंतर तिने एकच मागणी केली. गवत कापायच्या आत एकदा रान बघायचं. डॉक्टर नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. दिवाळीच्या सुमारास, दोन डायलिसिसच्या मधला दिवस धरून आम्ही गाडी केली. मुलगी बरोबर होती. जिथवर गाडी जाते तिथवर, डोंगराच्या पायथ्याला पोचलो. तिथून वर पाऊण तासाचा चढ. ती खाली उतरली, मुलीच्या खांद्यावर हात टाकून वीस-एक पावलं गेली आणि खाली बसली. ओठ निळसर झाले होते.

मी म्हटलं, "पाठीवर घेतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही पण पडाल."

मग आम्ही तिला गाडीच्या उघड्या दारात बसवलं. तिथून आमच्या रानाचा फक्त वरचा काठ दिसत होता, वाऱ्याने एकीकडे झुकणारं पिवळसर गवत, आणि झाडं दिसत नव्हती. पाड्यावरची बाई खाली आली. तिने येताना मारवेलची पेंढी कापून आणली होती. बायकोने ती मांडीवर घेतली, एक काडी मोडून वास घेतला, आणि दोघी बोलायला लागल्या. गाय आता किती दूध देते, घळीतला तिसरा बांध खचलाय का, सीताफळं कोण तोडतं. दोघी एकमेकींना किती वर्षांनी भेटत होत्या. मला त्यातलं निम्मं कळत होतं.

बाईने विचारलं, "ताई, पुढच्या वर्षी खालच्या बाजूला बी टाकायचं का?"

"टाका. यांच्याकडून दगड लावून घ्या आधी."

"तुम्ही याल ना बघायला?"

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. पेंढीची दोरी सैल झाली होती, ती तिने परत आवळून बांधली. "हे येतील," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर सोनगडच्या आसपास तिला झोप लागली. मुलगी पुढे बसून रडत होती, मी बघितलं नाही असं दाखवलं. घरी पोचलो तेव्हा पेंढी गाडीच्या डिकीत होती. सुरतेच्या खोलीत गवताचं काय करणार? मी ती गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या गाईपुढे टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डायलिसिसला तिचा नंबर होता. आम्ही साडेचारला उठलो.